दुर्बिणीच्या चार टिकल्या

कारभारीचा रांजण फुटला तेव्हा शेषरावांना वाईट वाटलं ते रांजणाचं नाही. आता लोक येतील, ओट्यावर बसतील, बोलतील आणि आपल्यालाही बोलावं लागेल, याचं त्यांना वाईट वाटलं. माघात बायको, रुख्मिणी, गेली तेव्हापासून त्यांना बोलण्याचा कंटाळा आला होता. कोणी काही विचारलं की ते मान हलवायचे. तेवढ्यावर भागलं तर त्यांना बरं वाटायचं.

झालं ते असं. देऊळघाटच्या शिवारात ज्वारी दाण्यावर आली की रानडुकरं उतरायची. शिवारात रायफल एकच होती, ती शेषराव पाटलांची. पिकाच्या राखणीसाठी बुलढाण्याच्या कचेरीतून त्यांना परवाना मिळाला होता. त्यांच्या शेताला लागून कारभारीचं शेत होतं. दिवस बुडायच्या सुमारास बांधावर एक डुक्कर आलं. शेषरावांनी रायफलीवरच्या दुर्बिणीतून पाहिलं, दुर्बिणीतली फुली डुकराच्या खांद्यावर धरली, श्वास रोखला आणि चाप ओढला. गोळी बरीच उजवीकडे गेली आणि कारभारीच्या मचाणाखाली ठेवलेल्या पाण्याच्या रांजणाला लागली. डुकरानं वळून सांडणाऱ्या पाण्याकडे पाहिलं आणि ते सावकाश ज्वारीत निघून गेलं.

कारभारी हा शेषरावांचा लहानपणापासूनचा सोबती. तो धोतर सावरत बांध ओलांडून आला. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

"रांजनाचं जाऊ दे," तो म्हणाला. "पन मी आत्ताच पानी पिऊन तठून उठलो होतो. दोन घोट जास्त पेलो असतो, त माह्या तेरवीचं जेवन तुले द्या लागलं असतं."

शेषरावांनी मान हलवली. तेवढ्यावर भागलं नाही.

शेषरावांचा नेम चुकलेला आजवर कोणी पाहिला नव्हता. धाडच्या बाजारातसुद्धा त्यांच्या निशाण्याची गोष्ट निघायची. त्यामुळे नेम चुकला असं कोणी म्हटलंच नाही. दुर्बीण हलली असणार, असं सगळ्यांचं एकमत झालं. उपाय सोपा होता. पेच काढायचे, दुर्बीण उतरवायची, ती ज्या कड्यांत बसते त्या कड्या पुसायच्या आणि पुन्हा नीट आवळायची. अर्ध्या तासाचं काम.

शेषराव म्हणाले, "पाहू."

खरं म्हणजे यंदा रायफल वेळेच्या आधीच खुंटीवरून उतरली होती. त्यांच्या घरचा रिवाज असा, की पावसाळ्यात रायफल फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि खंडेनवमीला तिची पूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. मग दुसऱ्या दिवशी दसरा, आणि त्यानंतर शिकार. हा रिवाज कोणी पाडला, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. पण यंदा घरात मृत्यू झालेला, वर्ष व्हायचं होतं, म्हणून सण नव्हता आणि पूजाही नव्हती. कारभारीचं म्हणणं पडलं की पूजाच नाही तर थांबायचं कोणासाठी, डुकरं काही दसरा पाहून येत नाहीत. वाद घालायचं त्राण शेषरावांत नव्हतं. त्यांनी रायफल उतरवली आणि फडकं सोडलं.

फडकं सोडल्यावर त्यांना त्या चार टिकल्या दिसल्या होत्या.

दुर्बिणीच्या पुढच्या कडीला दोन पेच आणि मागच्या कडीला दोन. चारही पेचांवर हळदीचा जाड गोळा दाबून बसवलेला आणि त्यावर कुंकवाची टिकली. मागच्या दसऱ्याला रुख्मिणीनं लावलेल्या. हळद वाळली होती, पण बोट दाबलेली जागा खोलगट दिसत होती. रुख्मिणीची लुगडी वाटून झाली होती. तिची वाकळ कोणी तरी नेली होती. चूल आता शेषरावांची थोरली बहीण गोजरबाई सांभाळायची. ती विधवा होती आणि भावाकडेच राहायला आली होती. तिनं डबे, फडताळ, देव्हारा सगळं आपल्या रीतीनं लावलं होतं. घरात रुख्मिणीच्या बोटाची खूण म्हणून काही उरलं असेल तर ते या रायफलीवर. आणि पेच काढायचे तर आधी त्या टिकल्या खरवडाव्या लागणार होत्या.

बायकोच्या टिकल्या राहाव्यात म्हणून शिवाराची ज्वारी डुकरांना चारायची, हे पन्नाशीच्या माणसानं कोणत्या तोंडानं सांगायचं? शेषरावांनी ते सांगितलं नाही. त्याऐवजी ते खोटं बोलले. खोटं बोलण्याची त्यांना सवय नव्हती. घरात ते काम रुख्मिणीचं होतं. नको असलेला पाहुणा परतवायचा असो की फुटलेल्या बरणीचं कारण द्यायचं असो, ती इतका साधा चेहरा ठेवून बोलायची की शेषरावांनाही ते खरं वाटायचं. शेषरावांचं तसं नव्हतं. त्यांच्या खोट्यावर लोक लगेच उपाय सुचवायचे.

पहिल्यांदा ते म्हणाले की आपल्याकडे बारीक पेचकस नाही.

संध्याकाळपर्यंत कारभारीनं गावातले सगळे पेचकस ओट्यावर आणून मांडले. सोनाराचा, शिंप्याच्या मशीनचा, पिठाच्या गिरणीवरचा, आणि कोणाच्या तरी बाजाच्या पेटीतला. ज्यांच्याकडे पेचकस नव्हता ते नुसतेच आले होते. शेषरावांनी एकेक हातात घेऊन पाहिला, हा जाड आहे, हा आखूड आहे असं म्हणत बाजूला ठेवला. शिंप्याचा मात्र बरोबर मापाचा निघाला. तो त्यांनी दोनदा पाहिला. शेवटी म्हणाले की आज शनिवार, शनिवारी लोखंडाला हात लावत नाही.

"मागच्या शनवारी माह्यासंगं बसून विळ्याले धार लावली ना बे तू," कारभारी म्हणाला.

"म्हूनच त हे झालं," शेषराव म्हणाले. त्या दिवसापुरतं ते खपलं.

रविवारी माणसं जास्त जमली, कारण शनिवारची गोष्ट गावभर झाली होती. आता शेषरावांनी मोठं खोटं काढलं. रायफल त्यांना जंगलखात्याच्या एका साहेबानं दिली होती. साहेब जर्मनच्या लढाईतून आला होता, दुर्बीणही तिकडचीच होती. साहेबाच्या शिकारीला शेषरावांनी बरीच वर्षं जनावर उठवायला, हाका घालायला माणसं दिली, म्हणून विलायतेला परत जाताना साहेबानं रायफल रीतसर त्यांच्या नावावर करून दिली. तेव्हा साहेब बजावून गेला, असं शेषरावांनी सांगितलं, की या दुर्बिणीला विलायती मिस्त्रीशिवाय कोणी हात लावायचा नाही.

हे ऐकून लोक गप्प झाले. साहेबाचं नाव निघालं की लोक गप्प होतात, हे शेषरावांना ठाऊक होतं. त्यांना वाटलं, सुटलो. पण कारभारी गप्प बसून विचार करणारा माणूस होता. त्याला आठवलं की जंगलखात्याचा नाकेदार पंजाबराव त्या साहेबाच्या तंबूवर कामाला होता. तो दुपारी नाक्यावर गेला आणि पंजाबरावाला घेऊन आला.

पंजाबरावाला साहेबाबद्दल कोणी विचारावं याची तो कित्येक वर्षं वाट पाहत होता. त्यानं टोपी घातली, ओट्यावर मांडी ठोकली आणि साहेब काय खायचा इथपासून सुरुवात केली. रायफलीपर्यंत यायला त्याला वेळ लागला. पण आला तेव्हा त्यानं शेषरावांचं घर उन्हात बांधलं.

"सायेबानं असं सांगतलं," तो म्हणाला. "मी तठीच उभा होतो. दर साली पानी उघडलं का दुर्बीन उतरवायची. कड्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या. पेचाले तेलाचा एकच थेंब, जास्त नाई. कडीच्या आत तेल राह्यलं नाई पायजे, नाईतं दुर्बीन सरकते. अन् पेच जीव खाऊन आवळायचा नाई, तुटते. हे दर साली करजो म्हने पाटील, नाईतं रायफल चांगली असून कामाची नाई. तुमी करता ना?"

सगळे शेषरावांकडे पाहू लागले.

"करतो," शेषराव म्हणाले.

ते करत नव्हते. रायफल घरी आली त्या दिवशी साहेबाचं सगळं बोलणं त्यांनी रुख्मिणीला सांगितलं आणि आपण मोकळे झाले. तेव्हापासून दर वर्षी खंडेनवमीच्या आधी ती मागच्या दारी रायफल मांडीवर घेऊन बसायची. फडकं, तेलाची वाटी, पाटावर कसलं कसलं सामान. शेषराव तेव्हा शेतात असायचे. पूजेला घरी येऊन पाहावं तर रायफल लखलखीत, हार घातलेली. त्यांनी फक्त नेम धरायचा.

"दर साली करतो, मंग यंदाच काऊन आडून बसला?" कारभारीनं विचारलं.

शेषरावांना आता फार थकवा आला होता. ते म्हणाले की आपला हात अलीकडे कापतो, बुलढाण्याच्या गुलाम रसूल मिस्त्रीनं काढली तर काढू देऊ, दुसऱ्या कोणाला नाही. हे बोलताना त्यांनी पूर्ण विचार केला होता. गुलाम रसूल शिलाई मशीन, कुलपं आणि स्टोव्ह दुरुस्त करायचा. अर्ध्या तालुक्याची कुलपं त्याच्या दुकानात पडून होती आणि अर्ध्या तालुक्याच्या घरांना दोऱ्या बांधलेल्या होत्या. 'परसों' हा शब्द तो ज्या दिवसासाठी वापरायचा तो दिवस कधी उगवत नसे. तो देऊळघाटला यायच्या आत ज्वारी कापून होईल, असा शेषरावांचा हिशेब होता.

कारभारीनं दमणी जुंपली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गुलाम रसूलला बरोबर घेऊन परत आला.

त्याचं कारण असं, की गुलाम रसूलला आयुष्यात कोणी हत्याराच्या कामाला बोलावलं नव्हतं. कुलपांना तो विटला होता. रायफलीचं नाव ऐकताच त्यानं दुकानाला कुलूप लावलं, घरी जाऊन नूरबीकडून, म्हणजे बायकोकडून, ठेवणीतली अचकन मागून घेतली, डोळ्यांत सुरमा घातला आणि दमणीत येऊन बसला. देऊळघाटला उतरताना त्याच्या हातात हत्यारांची पेटी नव्हती, तर ती कारभारीच्या हातात होती.

अंगणात घोंगडी अंथरली. तीवर रायफल ठेवली. गुलाम रसूलनं आधी दुर्बिणीला डोळा लावून अजिंठ्याच्या डोंगराकडे बराच वेळ पाहिलं. काय काय दिसतं ते सांगितलं. मग सगळ्यांना पाहायचं होतं. पंजाबराव आज नाका सोडून पुन्हा आला होता. त्यानंही पाहिलं आणि साहेबाच्या वेळी डोंगर जवळ दिसायचा असं सांगितलं. मग गुलाम रसूल अचकनीच्या बाह्या सारून खाली बसला.

"पेच किधर है?" त्यानं विचारलं. "मेरेको तो हल्दी दिखती."

"हळदीखाली हायेत," कारभारी म्हणाला.

गुलाम रसूलनं पेटीतून बारीक सुरी काढली. शेषरावांनी रायफलीवर हात ठेवला आणि चहा घ्या म्हणाले. चहा झाला. गुलाम रसूलनं पुन्हा सुरी उचलली. शेषरावांनी पुन्हा हात ठेवला आणि पान खा म्हणाले. पानही झालं. तिसऱ्यांदा सुरी उचलली तेव्हा शेषरावांचा हात तिथंच होता, आणि खायला काही उरलं नव्हतं. ते नुसते बसून राहिले. ते हात का काढत नाहीत हे अंगणात कोणालाच कळेना.

गोजरबाई दारात उभी होती. तिनं भावाचं खोटं शनिवारपासून ऐकलं होतं.

"शेषा," ती म्हणाली, "रुख्मिनीच्या बोटाचं हाय म्हून झाकून राह्यला ना?"

शेषरावांनी मान हलवली.

अंगणातली माणसं इकडेतिकडे पाहू लागली. कोणी गोठ्याकडे पाहिलं, कोणी स्वतःच्या पायांकडे. पंजाबरावानं टोपी काढून मांडीवर ठेवली. गुलाम रसूलनं सुरी पेटीत टाकली आणि पेटी लावून घेतली.

"मंग पयलेच सांगायचं ना बे," कारभारी म्हणाला. "मी गावभर पेचकस मांगत फिरलो." मग म्हणाला, "राहू दे. डुकराइले डबे वाजवू. माह्या बापाच्या वक्ती कुठं होती रायफल."

आता शेषराव सुटले होते. कोणालाच दुर्बीण काढायची नव्हती. फक्त गुलाम रसूल अचकनीकडे पाहत अवघडून बसला होता. शेषरावांनी रायफलीवरचा हात काढला नाही, पण त्यांना स्वस्थही वाटेना. डबे वाजवून डुकरं एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात, ज्वारीतून जात नाहीत, हे कारभारीला माहीत होतं आणि त्यांनाही. शिवाय दोन घोट पाणी त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. कारभारी तहानलेला असता तर आज या अंगणात वेगळीच माणसं जमली असती. एका बाईच्या मागे राहिलेला माणूस कसा होतो हे त्यांनी पाहिलं होतं. कारभारीच्या बायकोला ते पाहायला लागू नये, असं त्यांना वाटलं.

"काढा," ते म्हणाले. "तीन काढा. एक राहू द्या."

कोणती ठेवायची ते त्यांनी स्वतः दाखवलं. पुढच्या कडीची उजवीकडची. ती चारही टिकल्यांत सगळ्यात जाड आणि गोल होती, आणि बोटाची खूण तिच्यात सगळ्यात नीट उमटली होती. गुलाम रसूल म्हणाला की तीन पेचांत काम होऊन जाईल, चौथ्याच्या आधारानं कडी वाकवून दुर्बीण तिरपी काढता येते, तो अशा पुष्कळ दुर्बिणी काढून बसला आहे. ते खोटं होतं, पण चांगल्या मनाचं होतं.

गोजरबाई वाटी घेऊन जवळ बसली. गुलाम रसूल हळूहळू खरवडत होता आणि ती हळदीचा चुरा वाटीत धरत होती. एक कणही खाली पडू दिला नाही. पहिल्या टिकलीखाली पेच निघाला. दुसरीखाली निघाला. तिसरीखाली निघाला. तिन्ही काळपट झाले होते, पण शिंप्याच्या पेचकसानं सुटले. गुलाम रसूलनं ते ओळीनं घोंगडीवर मांडले. मग त्यानं पुढची कडी अगदी हलक्या हातानं, दोन बोटांनी उचलून पाहिली.

टक असा आवाज झाला. चौथी टिकली उडाली, आणि कडीसकट दुर्बीण गुलाम रसूलच्या हातात आली.

"खुदा की कसम, मैंने कुछ नहीं किया," तो म्हणाला.

खरोखरच त्यानं काही केलं नव्हतं. टिकली अख्खीच्या अख्खी उडून शेषरावांच्या धोतरावर पडली होती. ती त्यांनी उचलून तळहातावर घेतली. पण पेच कुठं गेला? विलायती पेच, तसा दुसरा मिळायचा नाही. सगळे खाली बसले. घोंगडी झटकली. गोजरबाईनं चाळणी आणली आणि अंगणातली माती चाळून काढली. पंजाबरावानं कारभारीच्या धोतराचा सोगा उलगडून पाहिला, तेव्हा कारभारीनं त्याच्या टोपीत पाहिलं. गुलाम रसूलनं कोणी न सांगता अचकनीचे दोन्ही खिसे उलटे केले. त्यात नूरबीनं दिलेली सुपारी होती. पेच कुठंच नव्हता.

गुलाम रसूलनं शेवटी रायफल उचलून पेचाच्या भोकात पाहिलं. भोक रिकामं नव्हतं. तळापर्यंत हळद भरली होती.

"इसमें पेच था ही नहीं," तो म्हणाला. "बरसों से नहीं."

गोजरबाईनं भावाच्या तळहातावरची टिकली घेतली, तिच्या काठाचा एक कण दाताखाली धरला आणि तोंडात घोळवला.

"डिंक हाय," ती म्हणाली. "बाभळीचा डिंक, चुना अन् हळद. डिंकानं पूजा कोन करते?"

शेषरावांना हळूहळू एकेक गोष्ट आठवत होती. डिंकाचे लाडू थंडीत व्हायचे, पण रुख्मिणी डिंक खलायची दसऱ्याच्या आधी. एका खंडेनवमीला तिनं सहज विचारलं होतं की तो साहेब आता कुठं असतो. विलायतेत, असं त्यांनी सांगितलं. मग तो परत नाही येणार का, असं तिनं विचारलं. नाही, असं म्हटल्यावर ती जेवायला वाढायला उठली आणि त्या दिवशी तिनं त्यांना आग्रह करून पुरणपोळी वाढली होती. आणि पूजा झाल्याशिवाय रायफलीला हात लावायचा नाही, हा घरचा रिवाज. शेषरावांच्या वडिलांकडे रायफलच नव्हती. तो रिवाज तिनंच पाडला होता. पावसाळ्यात डिंक ओला होऊन सैल पडायचा. दसऱ्याआधी कोणी रायफल उचलली असती तर रांजण केव्हाच फुटला असता. दर वर्षी नवा गोळा भरायचा, उन्हात वाळवायचा, आणि एकच पेच वेगळा दिसू नये म्हणून चारही पेचांवर टिकल्या लावायच्या.

कारभारीला हे समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो मांडीवर हात ठेवून बसला.

"म्हंजे एवढी वर्सं," तो म्हणाला, "निशाना वैनीचा होता."

पंजाबरावाला हसू आलं, पण त्यानं आधी शेषरावांकडे पाहिलं. शेषराव हसत होते. आवाज येत नव्हता, खांदे हलत होते. गोजरबाईला आधी वाटलं की भाऊ रडतो आहे. मग तिनं नीट पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

राहिला प्रश्न पेचाचा. गुलाम रसूल म्हणाला की तसाच पेच घडवून देतो, परसों. अंगणातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याचं त्यालाच कळलं आणि तो म्हणाला की तोवर पाटलीणबाईंचंच काम चालू ठेवायला हरकत नाही, इतकी वर्षं टिकलं म्हणजे पक्कं काम आहे. त्यानं कड्या पुसल्या, तीन पेचांना तेलाचा एकेक थेंब दिला आणि जीव न खाता आवळले. पंजाबराव प्रत्येक थेंबाला मान डोलवत होता. गोजरबाईनं डिंक आणि चुना आणला, हळद आणली. कुंकवापाशी मात्र ती थांबली. एक विधुर आणि एक विधवा, घरात कुंकवाला हात लावणारं कोणी नव्हतं. रुख्मिणीचा करंडा माघापासून देवळीत होता तसाच होता.

"तू घे," ती भावाला म्हणाली.

शेषराव आत गेले. करंड्याचं झाकण घट्ट बसलं होतं. ते त्यांनी फिरवून काढलं. कुंकू दबून घट्ट झालं होतं. बोटावर घ्यावं म्हणून त्यांनी बोट खुपसलं, तर काही तरी टणक लागलं. त्यांनी ते उकरून वर काढलं. लाल झालेला एक पेच होता. डोक्यावरची खाच झिजून सपाट झाली होती. सुरीनं किंवा विळीच्या टोकानं कोणी तरी तो पुष्कळदा फिरवून पाहिला असावा. खाचेपलीकडे पेच अगदी चांगला होता. गुलाम रसूलनं कानस घेतली असती तर चहा निवायच्या आत नवी खाच पडली असती.

गोजरबाई दारापाशी आली होती. तिनं पेच पाहिला आणि भावाकडे पाहिलं.

शेषरावांनी पेच पुन्हा कुंकवात दाबला, वरून कुंकू सारखं केलं, बोटावर थोडं घेतलं आणि झाकण लावलं.

बाहेर गुलाम रसूलनं विचारलं, "क्या पाटील, कुछ मिला?"

"कुंकू भेटलं," शेषराव म्हणाले.

त्यांचा चेहरा इतका साधा होता की कोणीच त्यावर उपाय सुचवला नाही.

हळद त्यांनी स्वतः भिजवली. भोकात भरली, गोळा दाबला, वर टिकली लावली. मग बाकीच्या तिन्हींवरही लावल्या. उडालेली जुनी टिकली आणि वाटीतला चुरा गोजरबाईनं फडताळात नेऊन ठेवला. दुर्बीण उन्हात वाळली. वाळल्यावर शेषराव संध्याकाळी बांधावर जाऊन बसले. कारभारीनं नवा रांजण आणला होता, पण तो यावेळी त्यानं शेषरावांच्या मागे आणून ठेवला आणि स्वतः त्याच्याही मागे बसला.

डुक्कर आलं. तेच असावं, कारण ते आधी मचाणाखाली रांजणाची जागा पाहून आलं. शेषरावांनी फुली खांद्यावर धरली आणि चाप ओढला. गोळी डुकराच्या डावीकडून गेली. डुक्कर थोडा वेळ थांबलं आणि यावेळी मात्र जरा पळत गेलं.

कारभारीनं रांजणातून पाणी काढलं, स्वतः प्यालं आणि तांब्या शेषरावांपुढे धरला.

"डिंक कमी पडला," तो म्हणाला. "वैनीच्या हातचं नाई आलं."

"हाव," शेषराव म्हणाले. "पुढच्या दसऱ्याले जास्त टाकू."